समुपदेशक व्हायचंय? मग वर्गात काय चालतं ते विचारा

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधले पालक हमखास एक प्रश्न घेऊन येतात : "मुलगी सायकॉलॉजी घ्यायचं म्हणते, काउन्सेलर व्हायचंय तिला. पण पुढे काय?" यातल्या 'पुढे काय'चा अर्थ 'पोट भरेल का' असा असतो. प्रश्न रास्त आहे.

मागणी आहे. ज्या शिक्षणसंस्थेत 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये दिले. निर्देश निघाला म्हणजे उद्या जागा भरल्या असं होत नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

त्याच वर्षी दुसरा निर्णय आला, आणि तो पालकांना फारसा ठाऊक नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. तेव्हा 'घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री' अशी जाहिरात दिसली तर तिच्यावर फुली मारा.

नाशिककरांना हे जरा लागणारच. गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली उभं राहिलं, राम ताकवले पहिले कुलगुरू झाले, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन पुस्तकं खेडोपाडी पोचली. धडा विद्यार्थ्याने घरी स्वयंअध्ययनाच्या पुस्तकातून वाचायचा आणि अडलेलं अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रात सोडवून घ्यायचं. तिथे शिकवणाऱ्याला 'समंत्रक' म्हणतात. इंग्रजीत तोही काउन्सेलरच, फक्त मनाचा नव्हे, विषयाचा. पुढे 2007च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोतल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी, वर्ग बुडणाऱ्या मुलांसाठी तास चित्रित करायला सुरुवात केली. त्यातून 'फ्लिप्ड क्लासरूम' हे नाव गाजलं. व्याख्यान घरी, सराव वर्गात. आपल्याला यातलं निम्मं आधीच माहीत होतं!

समुपदेशकाच्या प्रशिक्षणाला हा उलटा वर्ग फार शोभतो, कारण ऐकणं हे काही पुस्तकातून येत नाही. समजा, आठवडाभर 'सहानुभाव' हा पाठ घरी वाचून, व्हिडिओ पाहून मुलं वर्गात आली. आता तिघांचे गट. एक अशील, एक समुपदेशक, तिसरा वही घेऊन निरीक्षक. अशील झालेली मुलगी म्हणते, "बाबा म्हणतात सायन्सच घे. मला झोपच लागत नाही." समुपदेशक झालेला मुलगा लगेच म्हणतो, "अगं, बाबा तुझ्या भल्याचंच सांगतात ना." निरीक्षक वहीत लिहितो : पहिल्याच वाक्याला सल्ला, झोपेबद्दल विचारलंच नाही. मग तोच संवाद पुन्हा. या खेपेला मुलगा क्षणभर गप्प राहतो आणि विचारतो, "झोप केव्हापासून लागत नाही?" ती बोलायला लागते. हा फरक फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. पहिल्या खेपेची फजिती शिक्षकासमोर झाली तेच बरं. खऱ्या अशीलासमोर झाली असती तर ती मुलगी दुसऱ्यांदा आलीच नसती.

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात समुपदेशनाची सत्रं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांना ऐकवली. 1942च्या त्यांच्या पुस्तकात एका अशीलाच्या सगळ्या सत्रांचा शब्दशः वृत्तांत छापला आहे. आपण काय बोललो ते पुन्हा ऐकायची सवय तेव्हापासूनची.

"व्हिडिओ घरीच बघायचे, तर फी कसली घेतात?" असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. फी बघणाऱ्या डोळ्यांची, हे त्याचं उत्तर. व्याख्यान एकदा चित्रित झालं की हजारांना पुरतं. तुमच्या मुलाचं ऐकणं तपासायला मात्र अनुभवी माणूस समोर बसावा लागतो. या पद्धतीत एक गोम आहेच : मुलं न वाचता आली की बिचारे शिक्षक पुन्हा व्याख्यानच देतात, आणि उलटा वर्ग सुलटा होतो. म्हणून घरी वेळ, शांत कोपरा आणि नेट लागतं. तीन माणसांत एक फोन असेल तर तेही आधी संस्थेला सांगा.

मार्ग म्हणाल तर मानसशास्त्रात बी.ए., मग दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम आणि नोंदणी हवीच, नुसत्या एम.ए.वर ती पाटी लावता येत नाही. आठ दिवसांच्या प्रमाणपत्राबद्दल तर बोलायलाच नको.

प्रवेशाआधी संस्थेत जाऊन चार गोष्टी विचारा : वर्गातला किती वेळ सरावाला असतो, एका शिक्षकामागे किती मुलं, प्रत्यक्ष अशीलांसोबतचं काम कुणाच्या देखरेखीखाली होतं, आणि एक तास मागे बसून पाहता येईल का. हे फी भरण्याआधी विचारा, पावती हातात पडल्यावर नको.