फोटोआधी खरे सांगा, एक गोष्ट मात्र विचारू नका



खोकला हटत नाही, पोटात दुखते किंवा दिवस गेले आहेत, म्हणून तुम्ही दवाखान्यात जाता. डॉक्टर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करायला सांगतात आणि आधी बरेच प्रश्न विचारतात. पुष्कळांना वाटते, "मशीनला सगळं दिसतंच की! मग एवढी चौकशी कशाला?" हा गैरसमज आहे. मशीन नुसते चित्र दाखवते. त्याचा अर्थ तुमच्या माहितीवरून लागतो.

डॉक्टरांना काय सांगाल?

१. शेवटची पाळी कधी आली? तारीख आठवत नसेल तर सण किंवा बाजाराचा दिवस सांगा.
२. बाळंतपणे किती? गर्भ पडला होता का? सिझेरियन झाले होते का?
३. तांबी बसवली आहे का? गोळ्या चालू आहेत का? नसबंदी झाली आहे का? नसबंदीनंतरही क्वचित दिवस राहतात, म्हणून पाळी चुकल्यास लपवू नका.
४. क्षय, रक्तदाब, मधुमेह आहे का? औषध कोणते चालू आहे?

पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते. एक्स-रेमध्ये मात्र किरण असतात, ते गर्भावर विनाकारण पडू नयेत. डॉक्टर दुसरी तपासणी करतील, किंवा गरजच असली तर काळजी घेऊन फोटो काढतील. छातीचा फोटो काढल्यावर दिवस गेल्याचे कळले, तरी घाबरून गर्भ पाडू नका. त्यात गर्भापर्यंत फारच थोडे किरण पोचतात. डॉक्टरांचा सल्ला घ्या.

ताई, सासूबाईंसमोर किंवा मालकांसमोर बोलायला लाज वाटते? मग "मला एकटीला बोलायचंय" असे खुशाल सांगा. तुमची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. दादा, अशा वेळी तुम्ही जरा बाहेर थांबा. त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र विचारायची नाही: मुलगा की मुलगी? ही तपासणी रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाने १९९४ मध्ये. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला आणि त्यासाठी तपासणी करवून घेणाऱ्या नवऱ्याला व नातेवाइकांना पहिल्या गुन्ह्यालाच ३ वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. गरोदरपणी सोनोग्राफीआधी फॉर्म भरतात. त्यात मुले किती, पाळी कधी आली हे लिहितात आणि "मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही" असे बाईकडून लिहून घेतात. तो फॉर्म वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा द्या.

आणि हेही ध्यानात ठेवा, मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते. मुलगी झाली म्हणून बाईला बोल लावू नका.

सोनोग्राफी बाळ-बाळंतिणीच्या जिवासाठी आहे, लेकीचा जीव घेण्यासाठी नाही.

दोघे मिळून दवाखान्यात जा. खरे सांगा. निर्धास्त राहा.