जुन्या ट्रॅक्टरच्या तेलनळ्या व त्यांची जोडणी

घोड व भीमा यांच्या कांठीं आणि मुठा कालव्याखालीं ऊस वाढला, तसा शिरूर व दौंड तालुक्यांत बैलजोडीच्या जागीं ट्रॅक्टर आला. ज्यांच्या घरीं तीस-चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर अजून राबतो, त्यांस त्याच्यामागें पलटी नांगर किंवा उचलती ट्रॉली जोडावी लागते. ही जोडणी दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्यापूर्वीं मालकानें स्वतः समजून घ्यावी, एवढ्यासाठीं हा लेख.

आमची नोकरी महसूल कचेरींत गेली. खरेदीखत करण्यापूर्वीं सात-बारा व फेरफार वाचावा, हें आम्ही लोकांस नेहमीं सांगत असूं. नळ्यांचेंही तसेंच आहे. पाना लावण्यापूर्वीं कोणती नळी कोठून निघते व कोठें जाते, हें वाचावें.

तेलाच्या दाबानें अवजार उचलण्याची तीन सांध्यांची रीत हॅरी फर्ग्युसन यांनीं रूढ केली. त्यांचा टी.ई. २० ट्रॅक्टर १९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडांत कॉव्हेन्ट्री येथें बनला. त्याच घराण्यांतील मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्याकडे मद्रास येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या टॅफे कंपनीनें बनविले. यांच्या जुन्या यंत्रांत पंप मागच्या पेटींत तेलांत बुडालेला असतो, म्हणून बाहेर नळ्या फारशा दिसत नाहींत. इतर कित्येक बनावटींत पंप बाहेर असतो.

मुख्य मार्ग तीन. पहिला शोषणाचा, टाकींतून पंपाकडे. ही नळी जाड असते. तिचा सांधा ढिला असल्यास हवा आंत शिरते, तेलास फेंस येतो व लिफ्ट धक्के खात उचलते. दुसरा दाबाचा, पंपापासून वाल्व्हपर्यंत. तिसरा परतीचा, वाल्व्हपासून पुन्हां टाकीकडे. दाब दर चौरस इंचास २००० पौंड धरल्यास ३ इंच व्यासाच्या जॅकवर सुमारें १४,००० पौंडांचें बळ पडतें. तेथें तारेनें आवळलेली साधी नळी कधींही चालावयाची नाहीं.

ट्रॉलीचा जॅक बहुधा एकमार्गी असतो. तेल ज्या नळीनें जातें, तिनेंच ट्रॉलीच्या वजनानें परत येतें. पलटी नांगराचा जॅक दुमार्गी असतो. त्यास दोन नळ्या लागतात. जुन्या ट्रॅक्टरास बाहेर एकच तोंड असल्यास मध्यें निराळा वाल्व्ह बसवितात. त्यास दाब, परत व जॅककडील दोन, अशीं चार तोंडें असतात. जॅककडील दोन नळ्या बदलल्या तर दांडा उलटा चालेल, एवढेंच. परंतु दाब व परत यांची अदलाबदल घातक होय. परतीची बाजू तो दाब सोसण्याकरितां घडविलेली नसते. परतीच्या नळीवर झटपट जोडावयाचा कपलरही टाळावा. तो अर्धवट बसल्यास मार्ग बंद होतो.

भीमेकांठच्या एका गांवीं असेंच घडलें. हंगामाच्या घाईंत या दोन नळ्या उलट जोडल्या गेल्या. इंजिन चालू होऊन वाल्व्हची मूठ ओढतांच त्याचें बिडाचें अंग तडकलें व तेल चालकाच्या तोंडावर उडालें. डोळे वाचले, पण ऐन नांगरटींत आठ दिवस काम बंद पडलें. आम्ही बांधावर उभे होतों. कोणती नळी कोणती, हें आम्हांसही सांगतां आलें नसतें. त्या लाजेनेंच आम्ही हा विषय शिकलों.

सांधा खोलण्यापूर्वीं पुढील क्रम पाळावा :

१. नांगर जमिनीवर टेंकवावा. ट्रॉली पूर्ण खालीं आणावी. ती वर ठेवणें भागच असल्यास रिकामी करून भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कोणीही शिरूं नये.

२. इंजिन बंद करून मूठ दोन्ही बाजूंस हलवावी, म्हणजे कोंडलेला दाब उतरतो.

३. सांध्यावरील माती पुसावी. दाबाच्या नळीस तांबडी व परतीच्या नळीस पांढरी खूण करावी.

४. नवी नळी त्याच मापाची व तितकाच दाब सोसणारी घ्यावी.

५. गळती हातानें चांचपूं नये. पुठ्ठा धरून पाहावी. बारीक छिद्रांतून सुटलेलें तेल कातडीच्या आंत शिरतें. जखम कांट्याएवढी दिसते, परंतु आंतील मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळीं घरगुती लेप न लावतां त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळांत न्यावें.

कारागीर आपला मित्रच आहे. परंतु नळ्यांवर खूण करण्याचें काम मालकानें स्वतः करावें. रंगास चार आणे लागोत कीं चार रुपये, हातांची किंमत त्याहून मोठी आहे.