पडद्यामागचा मानकरी

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्या परिसरात कीर्तन ऐकले नाही असे मूल विरळाच. कीर्तन रंगते तेव्हा टाळकरी, मृदंगवादक आणि श्रोते या सर्वांना एका लयीत बांधणारे कीर्तनकार समोर उभे असतात. सारे जण त्यांना पाहतात व त्यांच्या पायांवर डोके ठेवतात. चित्रपटाचे तसे नाही. तेथे राबणारी माणसे कितीतरी अधिक. परंतु त्या सर्वांचे काम एका सूत्रात ओवणारा दिग्दर्शक पडद्यावर बहुधा दिसतच नाही.

नटाने कोठे थांबावे, कॅमेरा कोठे लावावा, वाक्य मोठ्याने उच्चारावे की पुटपुटावे, हे सारे दिग्दर्शक ठरवतो. मनासारखा उतरेपर्यंत एकच प्रसंग तो पुनःपुन्हा करवून घेतो. पुढे चित्रित केलेल्या तुकड्यांतून निवड करताना, सुंदर असूनही कथेला नको असलेला भाग त्याला टाकून द्यावा लागतो. आणि हे काम वाटते तितके सोपे नाही. प्रेक्षक डोळे पुसतात ते पडद्यावरील आईसाठी. ते अश्रू नेमके त्याच क्षणी यावेत ही योजना कोणाची, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

भारत सरकारने १९५४ साली चित्रपटांना पुरस्कार देण्यास आरंभ केला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास मिळाले. परंतु तो गौरव चित्रपटाचा होता. दिग्दर्शनासाठी निराळा पुरस्कार सुरू झाला तो १९६७ सालच्या चित्रपटांपासून, आणि त्याचे पहिले मानकरी ठरले बंगालचे सत्यजित राय.

या पुरस्कारांचा साठावा समारंभ ३ मे २०१३ रोजी नवी दिल्लीतील विज्ञान भवनात झाला. तो दिवस मोठा औचित्याचा होता. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला होता. त्या काळी चित्रपटात काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. तेव्हा फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना हेरले आणि त्यांच्याकडून तारामतीची भूमिका करवून घेतली. स्वयंपाकघरातील माणसात राणी पाहू शकणारी ती दृष्टी खऱ्या दिग्दर्शकाचीच!

शताब्दीच्या त्या दिवशी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते पुरस्कार देण्यात आले. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे सुवर्णकमळ शिवाजी लोटन पाटील यांना ‘धग’ या मराठी चित्रपटासाठी मिळाले. स्मशानात प्रेते जाळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या एका कुटुंबाची ती कथा आहे. घरातील मुलगा किसना त्या कामातून सुटू पाहतो. अशा विषयावर चित्रपट काढणे हे धाडसच म्हटले पाहिजे. आईची भूमिका करणाऱ्या उषा जाधव यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि किसना झालेल्या हंसराज जगताप या बालनटाचाही विशेष उल्लेख झाला. चितेच्या आचेत वाढणाऱ्या मुलाची घुसमट प्रेक्षकांनी पाहिली ती हंसराजच्या चेहऱ्यावर. ती तेथे उमटावी म्हणून पडद्यामागे झटणाऱ्या माणसाचे नाव त्या दिवशी विज्ञान भवनात पुकारले गेले.