न थकणारी मोटार

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात गेलात, तर अवजड रणगाड्यांच्या मेळ्यात एक चिलखती मोटार दिसेल. तिच्या पोलादी पत्र्याखाली दडली आहे रोल्स-रॉईसची ‘सिल्व्हर घोस्ट’. राजेरजवाड्यांनी मिरवायची ही मोटार. ती रणांगणावर कशी काय टिकली?

त्यासाठी १९०७ सालची एक चाचणी पाहू. लंडन ते ग्लासगो या रस्त्यावर ही मोटार पुन्हा पुन्हा पळवण्यात आली. सुमारे १,००० कि.मी. झाल्यावर ती बंद पडली. कारण काय, तर धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप मिटली होती! त्यानंतर मात्र ती सुमारे २३,००० कि.मी. बिघाडावाचून धावली.

तिच्या इंजिनात सहा सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ११.४३ सें.मी. आणि दट्ट्याची धावही तेवढीच. वहीत गणित करून पाहा; एकूण घनफळ सुमारे ७,०३६ घन सें.मी. येते. एवढ्या मोठ्या इंजिनातून शक्ती घेतली जाई अवघी ४८ अश्वशक्ती, तीही मिनिटाला १,२५० फेऱ्यांवर. आपल्याकडच्या ‘प्रीमियर पद्मिनी’चे इंजिन १,०८९ घन सें.मी.चे, ते सुमारे ४० अश्वशक्ती देई, पण त्यासाठी जवळजवळ चौपट वेगाने फिरे. फेरे वाढले की घर्षण वाढते, झीज वाढते. शिवाय इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. लहान इंजिनातून जास्त शक्ती काढायची, तर ही उष्णता थोड्या जागेतून बाहेर काढावी लागते. ‘सिल्व्हर घोस्ट’ला ही अडचण फारशी नव्हतीच. एखाद्या पहिलवानाने पाण्याची कळशी उचलावी, तसे तिचे काम!

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत हाच हिशेब लागतो. फ्रान्समध्ये ल मान्स येथे २४ तासांची शर्यत होते. १९९५ साली ती ‘मॅक्लॅरेन एफ-१’ने जिंकली. ही मुळात रस्त्यावरची मोटार, ६२७ अश्वशक्तीची. शर्यतीच्या नियमानुसार हवेची वाट अरुंद केल्याने तिची शक्ती उलट सुमारे ६००पर्यंत उतरली होती. हवा कमी, म्हणून जळणारे पेट्रोल कमी. तरीही तिने ४,००० कि.मी.हून अधिक अंतर कापले.

‘सिल्व्हर घोस्ट’ला १९१४ साली चिलखत चढले आणि वजन चार टनांच्या वर गेले. तेव्हा स्प्रिंगा भक्कम कराव्या लागल्या, मागे जोडचाके बसवावी लागली. इंजिन मात्र ‘सिल्व्हर घोस्ट’चेच राहिले.