'कोणीतरी' आणि मतपेटी

तर्कशास्त्र न शिकलेल्या, परंतु चौकस बुद्धीच्या विद्यार्थ्यास तीन प्रश्न सहज सुचतात. तर्कशास्त्रज्ञ सरळ वाक्यें सोडून चिन्हें कां लिहितात? 'आहे' ह्या शब्दानें नेमकें काय सांगितलें जातें? आणि मतदान गुप्त असूनही त्यांत लबाडी झाली नाहीं, हें कळावें कसें? वरवर पाहतां ह्या तिघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध दिसत नाहीं; परंतु तो आहे.

'प्रत्येक मतदारानें एका उमेदवारास मत दिलें', हें वाक्य घ्या. प्रत्येकानें आपआपल्या पसंतीच्या कोणातरी एकास मत दिलें, हा त्याचा एक अर्थ. असा एक उमेदवार आहे कीं, त्यालाच सर्वांनीं मत दिलें, हा दुसरा. पहिल्या अर्थीं निवडणूक चुरशीची झालेली असूं शकेल. दुसऱ्या अर्थीं ती निखालस एकतर्फी होय. बोलतांना हा भेद स्वराच्या आघातानें सांभाळतां येतो, कागदावर येत नाहीं. 'प्रत्येक' आधीं कीं 'कोणीतरी' आधीं, हें डोळ्यांनाच दिसावें अशी लेखनपद्धति जर्मन गणिती फ्रेगे ह्यानें १८७९ सालीं प्रसिद्ध केली. 'असा कोणीतरी आहे' ह्यासाठीं उलट्या तोंडाचा रोमन 'ई' हें चिन्ह इटलीच्या पेआनोचें, १८९७ सालचें; आणि 'प्रत्येक' ह्यासाठीं डोक्यावर उभा केलेला 'ए' गेन्ट्झेन ह्यानें १९३५ सालीं योजिला.

आतां दुसरा प्रश्न. 'ह्या पेटींतील सर्व मतपत्रिका खऱ्या आहेत', असें कोणी म्हटलें आणि पेटी रिकामी निघाली, तर तें वाक्य खरें कीं खोटें? आजचे तर्कशास्त्रज्ञ तें खरें मानतात; कारण खोटी पत्रिका तींत एकही नाहीं. एलिसच्या गोष्टींचा कर्ता लुइस कॅरल मात्र आपल्या १८९६ च्या तर्कशास्त्रावरील पुस्तकांत जुन्या मताचा होता : 'सर्व' म्हटलें कीं निदान एक तरी आहे, असें त्यांत आलेंच. (हाच गृहस्थ ऑक्सफर्ड येथें गणित शिकवी, आणि मतें कशीं घ्यावीं ह्यावर त्यानें १८७३ पासून पत्रकें काढलीं होतीं.) मला नवें मत अधिक उपयोगी वाटतें. 'सर्व खरें' एवढ्यानें पेटींत कांहीं आहे असें ठरत नाहीं, तें स्वतंत्रपणें तपासावें लागतें, ही सावधगिरी त्यांत आहे.

इंग्लंडांत १८७२ पर्यंत मत उघड सांगावें लागे, आणि तें जमीनदाराच्या कानीं जाई. त्या सालच्या कायद्यानें तें गुप्त झालें. त्याखालील पहिली पार्लमेंटची निवडणूक १५ ऑगस्ट १८७२ रोजीं यॉर्कशायरमधील पॉन्टिफ्रॅक्ट गांवीं झाली. तेथील मतपेटीच्या लाखेवर ज्येष्ठमधाच्या वड्यांचा कारखान्यांतील छाप उठविला होता! कायद्याचा नियम असा कीं, मतदानापूर्वीं जे कोणी हजर असतील, असलेच तर, त्यांना पेटी रिकामी दाखवावी व मग कुलूप लावून मोहोर करावी. 'असलेच तर' हे शब्द लिहिणाऱ्यास वरील रिकाम्या पेटीचा प्रश्न चांगला समजला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मोजणीचा नियम ह्याहून मार्मिक आहे. प्रथम प्रत्येक पेटींतील पत्रिकांची संख्या मोजून टिपावयाची, आणि मग सर्व पेट्यांतील पत्रिका एकत्र मिसळावयाच्या. संख्या टिपली म्हणजे मतदारावांचून आलेली पत्रिका उघडकीस येते. मिसळणें कशासाठीं? समजा, एका खेड्याच्या पेटींत चाळीस मतें, आणि चाळीसही एकाच उमेदवारास. मग मोहोर न फोडतां, कोणासही न विचारतां, त्या चाळीसही जणांचें मत जगजाहीर झालें. गुप्त मतदानाचें सारें बळ 'कोणीतरी' ह्या शब्दांत आहे : ह्या पत्रिकेचा मतदार आहे, एवढें निश्चित कळावें, परंतु त्याचें नांव कळूं नये. 'कोणीतरी'च्या जागीं 'प्रत्येक' आला कीं तें बळ संपलें.

तथापि कायदे करणाऱ्यांनीं 'कोणीतरी'वर पूर्ण विश्वास टाकला नाहीं. प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर एक आंकडा छापलेला असे, आणि तोच आंकडा केंद्रावर राहणाऱ्या स्थळप्रतीवर. त्या स्थळप्रतीवर मतदाराचा यादींतील क्रमांक लिहीत. म्हणजे तोतयानें दिलेलें मत पुढें शोधून काढतां यावें. ह्या स्थळप्रती मोहोरबंद पुडक्यांत ठेवीत, आणि न्यायाधिकाऱ्याच्या किंवा पार्लमेंटच्या हुकुमावांचून तीं पुडकीं उघडण्यास मनाई होती.