पेसमेकर आणि माळ्यावरचे डबे

अगं सुलभा, डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकच. पण त्यांना आपल्या माळ्यावरचे डबे ठाऊक नसतात, म्हणून थोरल्या जावेचंही ऐक.

पहिले ४ ते ६ आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आतली तार शिरेतून थेट हृदयात नेऊन टेकवलेली असते, ती तिथे रुजायला वेळ लागतो. झटक्यात हात वर गेला आणि ती सुटली, तर पुन्हा टेबलावर. आणि हात काही व्यायाम करताना वर जात नाही, सवयीने जातो: दोरीवर साडी टाकताना, अंबाडा घालताना. पुढून बटणांचे ढगळ ब्लाउज काढून ठेव. आधी डावी बाही, मग उजवी, उतरवताना उलटं. वेणी सुनेकडून घालून घे, तेवढ्याच गप्पा होतात. आतल्या पट्ट्याखाली मलमलीची स्वच्छ घडी ठेव, नाहीतर तो टाक्यांवर घासतो.

म्हणून हात पोटाशी धरूनही बसायचं नाही हं. खांद्याच्या खाली सगळी कामं कर. एकदा खांदा जखडला की पेसमेकर परवडला म्हणशील.

जखम लाल झाली, सुजली, पाणी आलं, ताप आला, तर हळद लावत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ. आणि पेसमेकरची ती डबी सारखी चाचपायची नाही. फिरवून फिरवून आतल्या तारा पिळून घेणारे महाभाग असतात.

उचकी लागली की माहेरचं कुणीतरी आठवण काढतंय म्हणतो आपण. पण आत्ता उचकी थांबेचना, किंवा बरगडीखाली ठेका धरल्यासारखं उडायला लागलं, तर साखर चघळू नकोस, फोन कर. तार सरकून श्वासपटलाला धक्के देत असू शकते.

स्वयंपाकघराची भीती सोड. गॅस, मिक्सर, मायक्रोवेव्ह, सगळं चालतं. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र २ फूट लांब. शेगडी चालू असताना तिच्यावर ओणवं व्हायचं नाही. फोन ब्लाउजमध्ये खोचायची तुझी सवय मोड. वीतभर लांब असू दे, आणि उजव्या कानाला लाव. चुंबकाच्या बटणाची पर्स छातीशी धरू नकोस. कंबरदुखीवर चुंबकाचे पट्टे नि गाद्या विकणारे येतील, त्यांना दारातूनच वाटेला लाव. फिजिओथेरपीला गेलीस, दातांच्या डॉक्टरांकडे गेलीस, तर खुर्चीत बसण्याआधी पेसमेकर आहे म्हणून सांग. विजेच्या यंत्राचे काही शेक आपल्याला वर्ज्य आहेत.

देवळातल्या तपासणीच्या चौकटीतून सरळ चालत जा. रांग तुंबली तरी चौकटीत उभी राहू नकोस. हातातलं यंत्र छातीवर फिरवायला लागले तर पेसमेकरचं कार्ड दाखव आणि हाताने तपासा म्हण.

नाडी मोजायला शीक: अंगठ्याच्या मुळाशी बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर. तुझा खालचा आकडा किती लावलाय ते विचारून घे. त्याखाली गेली आणि चक्कर आली, तर उद्यावर ढकलू नकोस. आणि बीपीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. पेसमेकर ठोके सांभाळतो, रक्तदाब नाही.

बॅटरी संपली की मेले, असं काही नसतं. साधारण ८-१० वर्षांनी डबी बदलतात, तारा बहुधा त्याच राहतात. तपासणीत आधीच कळतं, फक्त ती चुकवायची नाही. जगात पहिल्यांदा पेसमेकर बसवला तो १९५८ साली स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे त्यांनी आयुष्यात २६ पेसमेकर वापरले आणि २००१ साली, वयाच्या ८६व्या वर्षी गेले.

एक शेवटचं. आपल्या घरात याबद्दल कुणी बोलणार नाही, म्हणून मीच बोलते. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर उष्णतेने बॅटरी फुटते. मुलांना आत्ताच सांगून ठेव. मी सांगितलं तेव्हा धाकट्याने तोंड वाकडं केलं, पण फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय.