कष्ट वेगळे, चढण वेगळी

‘दिवसभर अंगमेहनतच करतो, आणखी व्यायाम कशाला?’ वस्तीत आरोग्याचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न खोटा नाही. चार घरची धुणी-भांडी करून आलेली बाई, बिगारी काम करून आलेला माणूस दमलेलाच असतो. पण त्या कामात तेच गुडघे, तीच कंबर, तेच खांदे रोज वापरले जातात. ओझे किती उचलायचे आणि कधी थांबायचे, हे मुकादम ठरवतो. अशाने शरीर झिजते, दमसास वाढतोच असे नाही. आपण होऊन घेतलेल्या आव्हानाचे तसे नसते. ते थोडे थोडे वाढवता येते, मध्ये विश्रांती घेता येते, आणि पार पडले की त्याचा आनंद आपला असतो.

२५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी आणि साधनापल्ली आनंदकुमार हा दलित मुलगा एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. पूर्णाला तेव्हा चौदावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. तिचे आईवडील शेतमजूर, आनंदचे वडील सायकली दुरुस्त करणारे. दोघेही आजच्या तेलंगणातल्या समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळांत शिकत होते. त्यांचे कौतुक खूप झाले, पण आपण पाहायची ती त्यांची तयारी. या मुलांना थेट हिमालयात नेले नाही. आधी भोंगीरच्या अखंड खडकावर दोर लावून चढायला शिकवले. तिथल्या शंभराहून अधिक मुलांतून निवडक मुले दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत गेली, त्यांतली थोडी लडाखच्या हिवाळ्यात गेली, आणि शेवटी दोघे एव्हरेस्टला. एक टप्पा जमला म्हणून पुढचा घेतला. पूर्णा तिथेही थांबली नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतले डेनाली शिखर चढून तिने सातही खंडांतली सर्वोच्च शिखरे पूर्ण केली. आपल्या महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी २०१८ मध्ये एव्हरेस्ट चढले.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले, की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः काही करून दाखवल्याने. दुसऱ्याने पाठ थोपटली, भाषण ऐकले, याचा परिणाम त्याहून कमी. दहावीत नापास झालेल्या किंवा काम सुटून घरी बसलेल्या पोराला आपण तासभर उपदेश करतो. त्यापेक्षा त्याला टेकडीवर घेऊन जावे. गेल्या आठवड्यात तीनदा थांबलो, आज एकदाच थांबलो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. नोकरी त्याने मिळत नाही, हे खरे. पण सकाळी उठायला कारण मिळते, आणि अडलेली गाडी बहुतेक वेळा तिथूनच हलते.

आपल्याकडे चढण शोधायला लांब जावे लागत नाही. घाटकोपर-विक्रोळीच्या डोंगरावरच्या वस्त्यांत ती दारातच आहे. पुण्यात पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, नाशिककरांना त्रिरश्मी लेणी जवळ, आणि कार्ल्याच्या लेण्यांना तीनशेहून जास्त पायऱ्या. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे झपझप चाला. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की वेग बरोबर समजा. मग आठवड्यातून दोन दिवस पायऱ्या घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी लेणी किंवा किल्ला. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्या चढणीनंतर दोन दिवस मांड्या दुखतील, त्याला घाबरू नका. सांध्याला सूज आली तर मात्र थांबा.

बायका-मुलींनी आधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आहे. थोड्या चालण्यानेच छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, याला आपण ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. शाळेत मिळणारी निळी गोळी मुलींनी टाकून देऊ नये. कलेजी, पालेभाजी, कडधान्य खावे, वर लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. पाळीत त्रास नसेल तर चालायला हरकत नाही.

रक्तदाब, साखर, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच चढण घ्यावी. चढताना छातीत दाबल्यासारखे झाले, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, तर तिथेच बसा आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा. ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नका. रोज गुटखा, तंबाखू, बिडी घेणाऱ्यांना हा धोका जास्त.

स्लीपरवर डोंगर चढू नये, साधे कॅनव्हासचे बूट चालतात. पाणी प्रत्येकी एक-दोन लिटर असावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या टाळा. लेण्यांत आग्या मोहोळे असतात, तिथे धूर आणि आरडाओरड नको. मुलींना एकट्या पाठवायला घरचे कचरतात, म्हणून रविवारी सकाळी विहारातून पाच-सात घरांनी मिळूनच निघावे. चालताना सर्वांत हळू चालणाऱ्या बाईला पुढे ठेवावे आणि बाकीच्यांनी तिच्या पावलाने चालावे. उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, तेव्हा पोरांना पळत उतरू देऊ नका.